आधी कोण बोलणार

लुडविग्सहाफेनच्या आमच्या घरात फ्रिजच्या दारावर आजवर दोनच गोष्टींना कायमची जागा मिळाली आहे. एक, कुठल्या वारी कुठल्या रंगाचा कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा त्याचं वेळापत्रक. दुसरी, लेकीने सहाव्या वर्षी काढलेला निळा हत्ती. या जानेवारीत हत्ती खाली सरकला आणि त्याच्या जागी एक कागद आला. टापटीप इंग्रजी अक्षरात वर लिहिलं होतं, ‘बार्बाडोसला येताना’, आणि खाली सहा नियम. लिहिणारा माझा होणारा जावई. त्याच्यावर ते लिहायची वेळ आली ती माझ्यामुळे. म्हणजे निम्मी माझ्यामुळे आणि निम्मी आमच्या ह्यांच्या अर्ध्या चड्डीमुळे.

मुलगा त्या बेटावरचा. कार्ल्सरूहेला विद्यापीठात समुद्राच्या पाण्यातून मीठ वेगळं काढण्यावर संशोधन करतो. लेकही तिथेच होती, तिथेच जमलं. मुलगा उंच, शांत, बोलायला मऊ. पहिल्यांदा घरी आला तेव्हा दारात उभा राहून म्हणाला, “गुड ईव्हनिंग, आंटी.” मी म्हटलं, “ये ये, बूट इकडे काढ, जेवण गार होतंय.” तो पायपुसण्यावरच उभा. मी पुन्हा म्हटलं, “अरे ये ना!” तो हसला, पण हलला नाही. शेवटी लेकीने मागून काहीतरी खूण केली तसा तो आत आला. पोरगा हुशार असेल पण जरा मंद दिसतोय, असं मी त्या रात्री ह्यांना सांगितलं. तो माझ्या उलट ‘गुड ईव्हनिंग’ची वाट बघत होता हे कळायला मला पुढे दीड वर्ष लागलं.

त्याला आई-वडील नाहीत. आजीने वाढवलेला. आजी एक्याऐंशी वर्षांची, शाळेतली निवृत्त मुख्याध्यापिका, गुडघ्यांमुळे विमानप्रवास बंद. लग्नाचं ठरलं तेव्हा त्याने लेकीला स्पष्ट सांगितलं, की आजी तुझ्या आई-बाबांना भेटेल, तिने हो म्हटलं की मगच श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे लग्नाच्या कचेरीत जाऊन नोंदणीची तारीख घ्यायची. ईस्टरच्या सुट्टीत आम्ही चौघांनी तिकडे जायचं ठरलं.

मी भडकलेच. “तिशीला आलेत दोघं, आणि परवानगी आजीची?”

“तू आपल्या लग्नात कुणाला विचारलं होतंस?” ह्यांनी विचारलं.

“अप्पांना.”

“मग?”

लेक रात्री माझ्याजवळ येऊन बसली आणि जर्मनमध्ये म्हणाली, “माम्मा, ती नाही म्हणाली तर तो तिच्या मनाविरुद्ध जाणार नाही. मला सोडणारही नाही. आम्ही नुसते थांबून राहू. आणि ती एक्याऐंशीची आहे.” लेक सहा वर्षांची असताना आम्ही इथे आलो. तेव्हापासून मी मराठीत बोलते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आणि आमचं व्यवस्थित भांडण होतं. पण त्या रात्री मी भांडले नाही. म्हटलं, “बघच तू. त्या आजीला मी असं जिंकते की तीच म्हणेल, लग्न उद्याच करा.”

प्रवासाआधी तोंडओळख म्हणून व्हिडिओ कॉल ठरला. रविवारी आमच्याकडे संध्याकाळचे सहा, तिकडे दुपारचा एक. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर. मी वरून नवी कुर्ती, खालून घरचीच सलवार. ह्यांनी वरून इस्त्रीचा शर्ट घातला आणि खाली त्यांची ती लष्करी छापाची, हिरव्या-तपकिरी ठिपक्यांची अर्धी चड्डी तशीच ठेवली. तिला सहा खिसे. फाल्ट्सच्या जंगलात फिरायला जाताना एका खिशात चष्मा, एकात सफरचंद, एकात नकाशा असं सगळं त्यात मावतं. या माणसाने लग्नात शेरवानी एवढ्या प्रेमाने घातली नव्हती.

पडदा उजळला. चर्चमधून नुकत्याच परतलेल्या एक बाई. गडद निळी टोपी, पांढरी कॉलर, साखळीला लावलेला चष्मा, पाठ सरळ. म्हणाल्या, “गुड आफ्टरनून.”

“हॅलो! हॅलो! आवाज येतोय का? तुम्ही दिसताय हो! आम्ही दिसतोय का?” हे सगळं मी इंग्रजीत, पण नागपूरशी बोलतात त्याच पट्टीत. गेली वीस वर्षं माझे माहेरचे सगळे कॉल असेच सुरू होतात. निम्मं बोलणं हेच असतं.

बाई थांबल्या. पुन्हा म्हणाल्या, “गुड आफ्टरनून.”

“येतोय, येतोय, स्वच्छ आवाज येतोय!” मी खूश. आणि लगेच, अगदी आतून, मायेने विचारलं, “जेवण झालं का?”

तेवढ्यात लॅपटॉपने बॅटरी संपत आल्याचं सांगितलं. हे चटकन उठले आणि चार्जर आणायला पडद्यासमोरून गेले. मग चार्जर घेऊन परतही आले. म्हणजे आजीबाईंना ती चड्डी जाताना आणि येताना, अशी दोन्हीकडून दिसली.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, “मॅडम, मी तुम्हाला दोनदा गुड आफ्टरनून म्हटलं. तुम्ही माझ्या घरात आलात आणि माझ्याकडे न बघता थेट स्वयंपाकघरात शिरलात. आणि साहेबांना सांगा, असले कपडे घालून इथे उतरलात तर माझ्या घरी येण्याआधी पोलीस चौकीत जाल. तुमची तयारी झाली की बोलू. गुड आफ्टरनून.”

पडदा काळा.

“पाइनलिश! माम्मा, इतकं पाइनलिश!” लेक ओरडली. लाज आणली, असा त्याचा अर्थ. ती खोलीत गेली आणि दार लावून रडली. मी नेहमीप्रमाणे आधी चिडले. कोण समजते ही स्वतःला? जेवलात का विचारणं हा गुन्हा झाला का? आमच्याकडे सासू मेलेल्या सुनेलासुद्धा हे विचारेल! ह्यांनी टेबलाशी उभं राहून हातातल्या वायरकडे बघितलं आणि विचारलं, “मग आता चार्जर लावू का नको?”

पुढच्या शनिवारी जावई आला. दारात उभा राहिला. “गुड मॉर्निंग, आंटी.” या वेळी मी धावत जाऊन म्हटलं, “गुड मॉर्निंग, गुड मॉर्निंग!” तो हसत आत आला. रागावला नव्हता. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. खिशातून त्याने तो कागद काढला.

पहिला नियम ठळक होता. जो येतो तो आधी बोलतो. दुकानात शिरा, बसमध्ये चढा, दवाखान्यात जा, कुणाच्या अंगणात पाय ठेवा, आधी सगळ्यांना गुड मॉर्निंग नाहीतर गुड आफ्टरनून. समोरच्याने उलट म्हटलं की मग तुमचं काम. अंधार पडल्यावर भेटतानाही गुड नाइट म्हणतात, निरोपाचं म्हणून नाही, आल्याचं म्हणून. पोहण्याचे कपडे फक्त किनाऱ्यावर. वाळू संपली की अंगभर कपडे, बाजारात ओल्या अंगाने हिंडायचं नाही, पुरुषांनीही उघडं नाही. वडीलधाऱ्यांना नावाने हाक मारायची नाही. आणि लष्करी छापाचं काहीच नाही. चड्डी नाही, टोपी नाही, पिशवी नाही. तो छाप तिथे फक्त सैन्याचा, बाकीच्यांना कायद्याने बंद, अगदी तान्ह्या मुलाच्या झबल्यावरसुद्धा.

“कपड्यांचं कळलं,” मी म्हटलं. “पण पाण्याची बाटली घ्यायला गेले तरी आधी गुड मॉर्निंग? न म्हटलं तर?”

“तर ती बाई तुमच्याकडे बघत राहील. बाटली देणार नाही.” मग म्हणाला, “आंटी, आजीची आजी उसाच्या मळ्यावरच्या लोकांतली. त्यांना मळ्यावर कुणी गुड मॉर्निंग म्हणत नसे. थेट हुकूम यायचा. हे उचल, ते कर. म्हणून आमच्याकडे गुड मॉर्निंग न म्हणता काम सांगितलं की ते हुकमासारखं लागतं. आजी तुमच्यावर चिडली नाही. तिला ते लागलं.”

माझा राग तिथेच विरला. त्या रागाची जागा भरायला मी त्याला दुसऱ्यांदा पोहे वाढले.

अप्पा आठवले. एसटीत कंडक्टर होते. खाकी कपड्यांचा एकच जोड, रोज रात्री धुतलेला. इस्त्री नव्हती तेव्हा तांब्यात निखारे भरून शर्टावर फिरवायचे. कॉलर विरली तर उलटवून शिवायची, पण मळकी नाही. “आपण मळके दिसलो की लोकांना बरं वाटतं,” म्हणायचे, “ते सुख कुणाला द्यायचं नाही.” अशा माणसाची मुलगी मी, आणि मला एक म्हातारी कपड्यांवरून सुनावते! मग मी कंबर कसली.

आणि काय सांगू, मला त्यात इतकी मजा यायला लागली! आमच्या बैठकीचं दार म्हणजे दुकान. जावई आत उभा, मी बाहेरून यायचं. “गुड आफ्टरनून!” आत. “गुड आफ्टरनून!” बाहेर. ह्यांना हे जड गेलं नाही. आम्ही दोघंही रसायनांच्या कारखान्यात, मी प्रयोगशाळेत आणि हे प्लांटवर, आणि तिथे अकरा ते दोनच्या दरम्यान जो समोर येईल त्याला ‘माल्त्साइट’ म्हणायची रीत आहे. जेवायची वेळ झाली, एवढाच अर्थ. हे ती रीत वीस वर्षं पाळत आलेत, शौचालयात भेटलेल्यालासुद्धा म्हणतात. माझा प्रश्न वेगळा. मला तोंड उघडलं की थेट मुद्द्यावर यायची खोड. त्यावर उपाय एकच, सराव. मी गावभर सराव सुरू केला.

जर्मन लोक डॉक्टरकडे थांबायच्या खोलीत शिरले की सगळ्या आजाऱ्यांना मिळून गूटन मॉर्गन म्हणतात. लिफ्टमध्ये म्हणतात. बेकरीत म्हणतात, पण नजर पावावर. ट्रॅममध्ये मात्र कुणी कुणाला म्हणत नाही. मी ट्रॅम धरली. सकाळी पावणेसातला पुढच्या दाराने चढायचं आणि आख्ख्या डब्याला ऐकू जाईल असं म्हणायचं, “गूटन मॉर्गन!” पहिल्या दिवशी एका बाईने पर्स छातीशी धरली. एका पोराने कानातला इअरफोन काढून बघितलं, तिकीट तपासणारी आहे का म्हणून. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या आजोबांनी उत्तर दिलं, आणि मग त्यांच्या कमरेच्या ऑपरेशनची पूर्ण हकीकत मला ऱ्हाइनच्या पुलापर्यंत ऐकावी लागली. आठवडा झाला तेव्हा पर्सवाली बाई स्वतः मान हलवायला लागली. पंधराव्या दिवशी मला दोन मिनिटं उशीर झाला तर ड्रायव्हरने दार धरून ठेवलं, आणि मी चढताच चार-पाच जण एकदम म्हणाले, “मॉर्गन!” मला इतका आनंद झाला की मी उतरायचं स्टेशन चुकले.

घरी लढाई दुसरीच. बॅग भरायला घेतली. माझे सुती कुर्ते, गुडघ्याखाली येणारा एक झगा, आजीबाईंच्या भेटीसाठी पांढरी साडी. लेकीची बिकिनी वर दिसली, तर मी तिच्याबरोबर दोन पंचे आणि अंगभर झगा बांधून दिला. “माम्मा, हो, हो, कळलं, फक्त वाळूवर!” ती वैतागली. ह्यांची चड्डी मात्र भुतासारखी परत येत राहिली. एकदा बुटांच्या पिशवीत सापडली. एकदा आजीबाईंसाठी घेतलेल्या पापडांच्या खाली.

“अहो, कायद्याने बंद आहे!”

“अगं, तिथे जंगल असेल तर? तेवढ्यापुरती.”

“तिथे आजी आहे.”

हा मुद्दा पटला. एका संध्याकाळी हे स्वतः ती घेऊन कोपऱ्यावरच्या जुन्या कपड्यांच्या पेटीपाशी गेले. मी खिडकीतून बघत होते. पेटीत टाकण्याआधी त्यांनी सहाही खिसे तपासले. एक वाळका चेस्टनट निघाला, तो त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवला. मग चड्डी आत सोडली आणि क्षणभर तिथेच उभे राहिले. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. माझ्या लेकीसाठी हा माणूस काय काय सोडतोय!

सगळं असं जोरात चाललेलं असताना एक दिवस घोटाळा झाला. ट्रॅमच्या थांब्यावर दोन मराठी मुलं उभी होती, नवीनच आलेली, आनमेल्डुंगसाठी, म्हणजे राहत्या पत्त्याच्या नोंदणीसाठी, कुठल्या कचेरीत जायचं यावर वाद घालत होती. एकाच्या पाठपिशवीवर छोटा निळा बिल्ला होता, आत चोवीस आऱ्यांचं चक्र. आमच्यातलाच पोरगा, मी लगेच ओळखलं. मी तर आता आख्ख्या लुडविग्सहाफेनला अभिवादन करणारी बाई! तरातरा पुढे गेले, तोंड उघडलं, आणि बाहेर आलं, “नमस्कार.”

“नमस्कार, काकू,” तो म्हणाला. मी त्यांना कचेरीचा पत्ता सांगितला. ट्रॅममध्ये चढले आणि त्या दिवशी गूटन मॉर्गन म्हणायचं विसरले.

कारण मला म्हणायचं होतं ‘जय भीम’. घरात, माहेरी फोनवर, गार्चिंगच्या आमच्या एका मैत्रिणीकडे मी दुसरं काही म्हणत नाही. पण वीस वर्षांपूर्वी, आम्ही इथे आलो त्या पहिल्याच वर्षी, शेजारच्या गावात एका हॉलमध्ये मराठी मंडळींचा दिवाळीचा कार्यक्रम होता. लेक माझं बोट धरून होती. दारात एक बाई अत्तर लावत होत्या. मी सवयीने, आनंदाने म्हटलं, “जय भीम!” त्यांचा हात हवेत थांबला. एवढासाच. मग त्यांनी अत्तर लावलं, हसून “या, या” म्हणाल्या, आणि पुढच्या तासाभरात मला तीन जणांनी विचारलं, तुम्ही नेमके कुठले, आडनाव काय म्हणालात. कुणी वाईट बोललं नाही. जेवण चांगलं होतं. पण आमच्या टेबलापाशी तीन खुर्च्या शेवटपर्यंत रिकाम्या राहिल्या. त्यानंतर मी बाहेर नमस्कार म्हणायला लागले. परक्या देशात कशाला कटकट, असं स्वतःला सांगितलं. अप्पांना हे कधी सांगितलं नाही. लेकीलाही नाही.

मी हे ह्यांनाही बोलले नाही. आजीबाईंचा दुसरा कॉल तोंडावर आला होता, आणि मनात दुसऱ्या कशाला जागा नव्हती.

मार्चच्या मध्यावरचा रविवार. मी दुपारपासूनच घामाघूम. लेक नखं खात होती. जावई मुद्दाम कार्ल्सरूहेहून आला होता, पण त्याने आधीच सांगितलं की मी मध्ये बोलणार नाही, हे तुमचं तुम्हालाच करायचंय. एकच गोष्ट त्याने सांगितली. आमच्याकडे संध्याकाळ असली तरी गुड आफ्टरनूनच म्हणायचं. कॉल आपण करतो म्हणजे आपण त्यांच्या घरात जातो, वेळ त्यांच्या घराची.

मी पांढरी साडी नेसले. हे सुटात. चार्जर तासाभरापूर्वीच लावून ठेवलेला.

पडदा उजळला. या वेळी टोपी पिवळी. मी जिवाच्या कराराने एक श्वास घेतला आणि त्या बोलायच्या आत म्हटलं, “गुड आफ्टरनून.” मागून हे म्हणाले, लेक म्हणाली. आणि मग मी, जन्मात कधी न केलेली गोष्ट केली. थांबले.

आजीबाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली. “गुड आफ्टरनून,” त्या म्हणाल्या. “साहेब, कृपा करून उभे राहता का?”

खाली काय घातलंय हे मी बघितलंच नव्हतं! हे उभे राहिले. दोन पावलं मागे गेले, आख्खे दिसतील असे. सुटाची पँट, धारदार इस्त्री, आणि पायात काळे, पॉलिश केलेले बूट. घरात, माझ्या गालिच्यावर, बूट! वीस वर्षांत या घरात उंबऱ्याच्या आत बूट आलेला नाही. मी ओठ दाबून धरले.

“उत्तम,” आजीबाई म्हणाल्या. “बसा.” मग माझ्याकडे वळल्या. “माझ्या नातवाने तुम्हाला आमचं सगळं शिकवलं. मला तुमचं कुणीच काही सांगितलं नाही. तुम्ही विमानतळावर उतराल तेव्हा मी मुक्यासारखी उभी राहणार का? तुमचे लोक भेटल्यावर एकमेकांना काय म्हणतात?”

“नमस्ते,” मी पटकन म्हटलं.

“नाही.”

हे मागून आलं. लेक. आणि मराठीत. “आई, आपण ते म्हणत नाही.”

मी वळून बघितलं. तिचे डोळे भरले होते, पण हनुवटी वर होती, अगदी अप्पांसारखी. “मी सात वर्षांची होते,” ती हळू, शब्द शोधत म्हणाली. “त्या हॉलमध्ये. पण मी बघितलं. तुझा हात मी धरला होता ना. आपण जय भीम म्हणतो.”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. जावई गोंधळला. आजीबाई पडद्यात वाट बघत होत्या. मला बोलावंच लागलं. माझं इंग्रजी प्रयोगशाळेतलं आहे, त्यात असल्या गोष्टी बसत नाहीत, तरी सांगितलं. की आमच्या पूर्वजांना गावात कुणी रामराम घालत नसे. त्यांनीच लांबून, कमरेत वाकून ‘जोहार’ म्हणायचं, आणि समोरून उत्तराऐवजी काम यायचं. मग एक माणूस आला. आमच्यातलाच. त्याने सांगितलं, शिका, नीटनेटके राहा, कुणापुढे वाकू नका. तेव्हापासून आम्ही एकमेकांना त्याच्या नावाचा जय म्हणतो. वाकून नाही. मान वर ठेवून. “आणि मी,” मी म्हटलं, “हे इथे बाहेर म्हणायचं सोडलं. मला लाज वाटत नव्हती. मी भ्याले. माझी चूक झाली.”

हे शेवटचं मी आजीबाईंना सांगत होते की लेकीला, मला ठाऊक नाही.

आजीबाई हलल्यासुद्धा नाहीत. ‘आवाज येतोय का?’ माझ्या जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं. मी जीभ चावली.

“पुन्हा म्हणा,” त्या म्हणाल्या. “हळू.”

“जय भीम.”

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “जाइ बीम,” म्हणाल्या. समाधान झालं नाही. पुन्हा म्हणाल्या. शाळेत पाढा पक्का करावा तसं चार-पाचदा म्हणून त्यांनी ते पक्कं केलं, आणि शेवटचं इतकं नीट आलं की हे खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाले.

“आमची रीत तुम्हाला आता माहीत आहे,” आजीबाई म्हणाल्या. “जो येतो तो आधी बोलतो. येणार तुम्ही आहात. पण हे मी आधी म्हणणार. तुम्ही गप्प उभं राहायचं, आणि माझं झालं की उत्तर द्यायचं. समजलं?”

“हो, मॅडम.”

“आणि तुम्ही दोघं.” आवाज एकदम मुख्याध्यापिकेचा झाला. “त्या कचेरीतली तारीख घेऊन टाका. माझे गुडघे कुणाची वाट बघत नाहीत. गुड आफ्टरनून.”

पडदा काळा झाला. जावयाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. लेक माझ्या गळ्यात पडली आणि रडली, आणि मी रडता रडता ओरडले, “अहो, आधी ते बूट काढा!”

मग लेक उठली. पेन घेऊन फ्रिजपाशी गेली आणि सहा नियमांच्या खाली, जावयाच्या अक्षराखाली, आपल्या वाकड्या देवनागरीत, सहाव्या वर्षी मी शिकवली तेवढ्यावर, सातवा नियम लिहिला. “आजी आधी. आई थांब.” कागदाला जागा कमी पडली म्हणून शेवटचा शब्द हत्तीच्या पाठीवर गेला.

ईस्टरला अजून दोन आठवडे आहेत. आज सकाळी थांब्यावर तो निळ्या बिल्ल्यावाला मुलगा पुन्हा दिसला. तो काही बोलायच्या आत मी म्हटलं, “जय भीम, बाळा.” तो इतका दचकला की त्याच्या हातातलं तिकीट पडलं, आणि मग हसत म्हणाला, “जय भीम, काकू!” ट्रॅम आली, मी आख्ख्या डब्याला गूटन मॉर्गन म्हटलं आणि माझ्या नेहमीच्या जागेवर बसले. विमानतळावर मला एकदा तरी, फक्त एकदा, गप्प उभं राहायचंय. आयुष्यात कधी नव्हे ती मला गप्प राहायची घाई झाली आहे.